राखेच्या डब्यांचे चित्रकार

१८९०च्या दशकात फिलाडेल्फियात कुठे आग लागली, अपघात झाला, संप पेटला की वार्ताहराच्या जोडीला एक चित्रकारही धावत सुटे. कॅमेरे तेव्हा होते, पण दैनिकाच्या भरधाव छपाईयंत्रावर छायाचित्र नीट उमटवणे अजून रुळले नव्हते. म्हणून मोठ्या वर्तमानपत्रांत चित्रकारांचे वेगळे खाते असायचे. ही मंडळी घटनास्थळी जाऊन कागदाच्या चिटोऱ्यावर चार खुणा करून घेत: किती मजले, धूर कोणत्या खिडकीतून, शिडी कुठे टेकवली, गर्दीत कोणत्या टोप्या. बाकीचे डोक्यात साठवायचे आणि कचेरीत परतून छपाईची वेळ गाठायची. तपशील चुकला तर संपादक ओरडणार, वेळ चुकली तर आवृत्ती निघून जाणार.

या धावपळीत चार तरुण तयार झाले. जॉन स्लोन, विल्यम ग्लॅकन्स, जॉर्ज लक्स आणि एव्हरेट शिन. पुढे न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी चित्रकलेची घडी विस्कटली ती प्रामुख्याने यांनी आणि यांच्या गुरूने. कलेच्या इतिहासात त्यांना ‘अ‍ॅशकॅन’ (राखेचा डबा) चित्रकार म्हणतात. हे विचित्र नाव त्यांना बरेच उशिरा चिकटले. कसे, ते पुढे येईल.

त्यांची चित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरेच काही उलगडते: यांची नजर बातमीदाराची होती आणि हात जुन्या उस्तादांचा. चित्रांतली सगळी मजा यातूनच येते, आणि त्यांच्या बंडाला लागलेली मर्यादाही यातूनच येते.

गुरू आणि त्याचे मंगळवार

या चौघांना एकत्र बांधणारा माणूस रॉबर्ट हेन्राय. आडनावाचे स्पेलिंग पाहून कुणालाही फ्रेंच उच्चार करावासा वाटतो, पण तो स्वतः ‘हेन्राय’वर अडून बसे. मुळात ते आडनावच त्याचे नव्हते. जन्म १८६५चा, खरे नाव रॉबर्ट हेन्री कोझाड. वडील जुगारात तरबेज, शिवाय जमिनींचे व्यवहार करणारे. नेब्रास्कात त्यांनी स्वतःच्या नावाचे गावच वसवले होते. १८८२मध्ये तिथल्या एकाशी झालेल्या भांडणात त्यांनी गोळी झाडली आणि तो माणूस दगावला. कुटुंबाने गाव सोडले, नावे बदलली. वडिलांवरचा आरोप पुढे उरला नाही, पण बदललेली नावे तशीच राहिली. अशा घरातून आलेल्या मुलाने पुढे सभ्य समाजाच्या कलेला आव्हान द्यावे, यात नवल नाही असे मला वाटते. पण हा माझा तर्क, इतिहासकारांचा नव्हे.

हेन्राय फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत थॉमस अ‍ॅन्शुट्झच्या हाताखाली शिकला. अ‍ॅन्शुट्झ हा थॉमस ईकिन्स या वास्तववादी चित्रकाराचा शिष्य. म्हणजे आपल्या आसपासचे जग, आपल्याच गावातली माणसे रंगवा, हा आग्रह हेन्रायपर्यंत परंपरेनेच आला होता. त्याच ईकिन्सला १८८६मध्ये अकादमी सोडावी लागली, कारण मुलींच्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचे लंगोट काढले. हेन्राय पुढे पॅरिसला गेला, तिथल्या रूढ शिस्तीत काही वर्षे शिकला, तिला कंटाळला आणि परतला.

फिलाडेल्फियात ८०६ वॉलनट स्ट्रीट इथे त्याचा स्टुडिओ होता. मंगळवारी संध्याकाळी तिथे वर्तमानपत्रांतले हे चित्रकार जमत. खाणेपिणे, नकला, घरचीच नाटके, आणि मग व्हिटमन, एमर्सन, झोला या लेखकांवर वाद. या पोरांना स्वतःविषयी फार अपेक्षा नव्हत्या. आपण पोटासाठी रेघोट्या मारतो, इतकेच. हेन्रायने त्यांना सांगितले की रोज जे पाहता तेच तैलरंगात उतरवा, त्याहून मोठा विषय शोधत बसू नका. रंगवायचे कसे, तर फ्रान्स हाल्स, वेलाझ्केझ आणि माने या युरोपीय उस्तादांसारखे: गडद पार्श्वभूमी, रुंद कुंचला, शक्यतो एका बैठकीत, आणि पुन्हापुन्हा गिरवणे नको.

कुंचल्याचा हा वेग आणि वर्तमानपत्राचा वेग एकमेकांना चपखल बसले. ग्लॅकन्सची स्मरणशक्ती तर त्याच्या मित्रांत प्रसिद्ध होती. एखादे दृश्य एकदा बघावे आणि नंतर सावकाश बारकाव्यांसह काढावे, अशी त्याची ख्याती.

हळूहळू सगळेच न्यूयॉर्कला गेले. लक्स आणि ग्लॅकन्स १८९६मध्ये, पुढच्या वर्षी शिन, १९००मध्ये हेन्राय, आणि सगळ्यांत शेवटी, १९०४मध्ये, स्लोन. लक्सला तिथे ‘वर्ल्ड’ या दैनिकात ‘यलो किड’ ही लोकप्रिय चित्रमालिका काढण्याचे काम मिळाले, कारण तिचा मूळ चित्रकार प्रतिस्पर्धी दैनिकाने पळवला होता. ग्लॅकन्स १८९८मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धाची चित्रे काढायला क्यूबात जाऊन आला.

शहर होते, चित्रात नव्हते

१८९८मध्ये पाच विभाग एकत्र करून आजचे न्यूयॉर्क शहर झाले. १९००च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ३४ लाख, १९१०मध्ये ४७ लाखांवर. एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांचा आकडा १९०७ या एकाच वर्षात दहा लाखांच्या पुढे गेला. ज्यू, इटालियन, आयरिश, पोलिश. खालच्या मॅनहॅटनमध्ये ‘टेनेमेंट’ नावाच्या इमारतींत ही माणसे दाटीवाटीने राहत. आपल्याकडच्या चाळी डोळ्यांसमोर आणल्या तर अंदाज येईल, फक्त खोल्या अधिक अंधाऱ्या आणि गॅलरीऐवजी बाहेर लोखंडी जिने. डोक्यावरून उन्नत रेल्वे खडखडत जाई. ऑक्टोबर १९०४मध्ये जमिनीखालची रेल्वेही सुरू झाली.

हे सगळे होत असताना प्रतिष्ठित चित्रकला काय दाखवत होती? धुक्यातली तळी, खिडकीपाशी पांढऱ्या पोशाखात बसलेल्या बायका, ग्रीक देवतांच्या रूपात ‘न्याय’ आणि ‘विद्या’. चाइल्ड हॅसमसारखे इम्प्रेशनिस्ट चित्रकार शहर रंगवत, पण ते बहुधा लांबून पाहिलेले, पावसात चमकणारे फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू असे. तिथे माणूस म्हणजे छत्री धरलेला एक ठिपका.

गरीब वस्त्यांची छायाचित्रे मात्र लोकांनी पाहिली होती. जेकब रीस या पत्रकाराने १८९०मध्ये ती पुस्तकरूपाने समोर आणली होती, आणि हेतू सरळ होता: दुर्दशा दाखवायची आणि कायदा बदलायला लावायचा. अ‍ॅशकॅन चित्रकारांचे वेगळेपण इथे ठळक दिसते. रीसच्या छायाचित्रांतली माणसे मदतीची वाट पाहत असल्यासारखी दिसतात. स्लोनच्या चित्रांतल्या माणसांना वाट पाहायला वेळ नाही. त्यांना केस धुवायचे आहेत, कपडे वाळत घालायचे आहेत, मैत्रिणीशी गप्पा मारायच्या आहेत.

स्लोनची खिडकी

या सगळ्यांत मला स्लोन सर्वांत जवळचा वाटतो, तेव्हा त्याच्यापाशी जरा जास्त रेंगाळतो.

न्यूयॉर्कमध्ये आल्यावर तो वेस्ट २३व्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर राहत असे. मागच्या खिडकीतून शेजारच्या इमारतींच्या खिडक्या, गच्च्या, लोखंडी जिने दिसत. तो तासन्‌तास बघत बसे, आणि पाहिलेले नंतर आठवणीने रंगवे. १९०९चे ‘थ्री ए. एम.’ हे चित्र असेच आले. पहाटे तीन वाजता समोरच्या स्वयंपाकघरात दोन बायका. एक नुकतीच कुठून तरी परतलेली, डोक्यावर टोपी अजून तशीच. दुसरी झोपेतून उठून अनवाणी शेगडीपाशी उभी. एवढेच. कुठून आली, काय काम करते, हे चित्र सांगत नाही आणि त्याबद्दल नाकही मुरडत नाही. नॅशनल अकादमी या न्यूयॉर्कमधल्या प्रतिष्ठित कलासंस्थेला ते पाठवले तेव्हा त्यांनी नाकारले. पहाटे तीनला बाहेरून परतणारी बाई म्हटल्यावर परीक्षकांच्या मनात काय आले असेल ते उघड आहे.

‘हेअरड्रेसर्स विंडो’ (१९०७) हे त्याचे चित्र विनोदी आहे. रस्त्याने हेन्रायकडे जाताना त्याने पाहिले की वरच्या मजल्याच्या खिडकीत एक केशरचनाकार बाई गिऱ्हाइकाचे केस रंग घालवून सोनेरी करते आहे आणि खाली फुटपाथवर बघ्यांची गर्दी जमली आहे. घरी येऊन त्याने ते रंगवले. दुकानांच्या पाट्या, माना वर केलेले लोक, आणि मधोमध खिडकीच्या चौकटीत चाललेला तो ‘खेळ’. पाहणाऱ्यांना पाहणारा चित्रकार, असा हा प्रकार. ‘इलेक्शन नाइट’मध्ये निवडणुकीच्या रात्री चौकात पिपाण्या वाजवत घुसलेला जमाव आहे. ‘संडे, विमेन ड्राइंग देअर हेअर’ (१९१२) मध्ये रविवारी गच्चीवर तीन जणी उन्हात केस वाळवताहेत, बाजूला दोरीवर धुणे. आठवड्याच्या एकाच सुट्टीतला हा एवढासा मोकळा वेळ.

आणि ‘मॅकसॉर्लीज बार’ (१९१२). सेव्हन्थ स्ट्रीटवरचा हा आयरिश गुत्ता अजून चालू आहे. १९७०पर्यंत तिथे बायकांना प्रवेश नव्हता. स्लोनच्या चित्रात अंधाऱ्या लाकडी भिंती, पांढऱ्या कोटातला वाढपी आणि कुणाला कसली घाई नसलेले चार-पाच पुरुष. याच गुत्त्याची त्याने एकूण पाच चित्रे केली.

स्लोनच्या घरची कहाणी सोपी नव्हती. पत्नी डॉली हिला दारूचे व्यसन होते आणि नवरा आपल्याला सोडून जाईल अशी सतत धास्ती. डॉक्टरांनी सुचवले, रोजनिशी लिही, तिच्याविषयी प्रेमाने लिही आणि ती तिच्या हाती पडेल अशी ठेव. १९०६ ते १९१३ त्याने ती लिहिली. आज त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या कलाविश्वाचा तो अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे. उपचार म्हणून लिहिलेली वही इतिहासाचे साधन झाली.

पैशाचे विचाराल तर १९१०पर्यंत त्याचा मोठा आधार होता फिलाडेल्फियातल्या दैनिकासाठी रविवारची कोडी काढणे. पहिले चित्र विकले गेले १९१३मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर. घेणारा होता अल्बर्ट बार्न्स, ग्लॅकन्सचा शाळासोबती. पुढे आपल्या आधुनिक चित्रसंग्रहासाठी प्रसिद्ध झाला तोच.

आखाड्याशेजारचा बेलोज

जॉर्ज बेलोज हा या गटातला सर्वांत तरुण आणि वर्तमानपत्राच्या मुशीतून न गेलेला. ओहायोतल्या कोलंबसचा, बेसबॉल उत्तम खेळणारा. १९०४मध्ये कॉलेज अर्धवट टाकून न्यूयॉर्कला आला आणि हेन्रायच्या वर्गात बसला.

त्याच्या स्टुडिओसमोरच टॉम शार्की नावाच्या माजी मुष्टियोद्ध्याचा गुत्ता होता. पैसे घेऊन जाहीर मुष्टियुद्ध लावणे तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कायद्याने बंद होते. पळवाट अशी काढली की गुत्त्याचा ‘क्लब’ करायचा, प्रेक्षकांनी वर्गणी भरून सभासद व्हायचे, आणि लढणाऱ्यांनाही त्या रात्रीपुरते सभासद करून घ्यायचे. मग ती जाहीर लढत राहिलीच नाही, क्लबच्या दोन सभासदांचा खाजगी खेळ! बेलोजच्या १९०९च्या एका चित्राचे नाव ‘बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब’ आहे ते याच थट्टेतून. त्यातला एक योद्धा काळा आहे, एक गोरा. जॅक जॉन्सन हा काळा खेळाडू आदल्याच वर्षी हेवीवेट विश्वविजेता झाला होता आणि गोऱ्या अमेरिकेला ते पचत नव्हते. अशा वेळी ‘दोघेही याच क्लबचे सभासद’ हे शब्द किती बोचत असतील!

त्याच वर्षीचे ‘स्टॅग अ‍ॅट शार्कीज’ अधिक प्रसिद्ध आहे. दोन देह एकमेकांवर कोसळतात आणि त्यांचा एक त्रिकोण होतो. पंच कलून मध्ये आहे. आपण प्रेक्षकांतच, रिंगणाच्या कडेशी, मान वर करून बघतो आहोत. स्नायूंची शास्त्रशुद्ध रचना इथे शोधू नका. हिरवट पांढऱ्या रंगाचे लांब फटकारे आहेत, जवळून पाहिले तर नुसता चिखल. बेलोज स्वतः म्हणत असे की मला मुष्टियुद्धातले काही कळत नाही, एकमेकांना मारायला उठलेली दोन माणसे मी रंगवतो. मला मात्र या चित्रात लढणाऱ्यांपेक्षा खालच्या अंधारातले चेहरे भयंकर वाटतात. हसणारे, जबडा वासलेले, पैसे वसूल झाल्याच्या आनंदात.

‘फॉर्टी-टू किड्स’ (१९०७) हे त्याचे आणखी एक चित्र. ईस्ट नदीच्या मोडक्या धक्क्यावरून उड्या मारणारी उघडी पोरे. एका समीक्षकाला ती अळ्यांसारखी वाटली. पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानकासाठी शहराच्या मध्यात खोदलेल्या अवाढव्य खड्ड्याचीही त्याने अनेक चित्रे केली. ज्यात बघण्यासारखे काही नाही असे सगळे मानत, त्या खड्ड्यात त्याला बर्फ, वाफ आणि मुंगीएवढी माणसे दिसली. १९१३च्या ‘क्लिफ ड्वेलर्स’मध्ये उन्हाळ्याने हैराण झालेली आख्खी वस्ती रस्त्यावर उतरली आहे. या चित्राचे मूळ रेखाटन एका समाजवादी मासिकासाठी होते आणि त्याखाली मथळा होता: ‘हे लोक सुट्टीला खेड्यात का जात नाहीत?’ तैलचित्र होताना तो टोमणा गळून पडला. बेलोज १९२५मध्ये अपेंडिक्स फुटून गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. लक्सच्या ‘हेस्टर स्ट्रीट’मध्ये (१९०५) ज्यू वस्तीतला हातगाड्यांचा बाजार आहे; ‘द स्पीलर्स’मध्ये रस्त्यावर नाचणाऱ्या दोन मुली. लक्स बढाईखोर आणि पिणारा. १९३३मध्ये गुत्त्यातल्या मारामारीनंतर एका दारात मृत सापडला. ग्लॅकन्सला सुखवस्तू मजा आवडे. त्याच्या ‘शे मूकॅं’मध्ये एका उपाहारगृहात बसलेले जोडपे आहे, तिची नजर भलतीकडेच, आणि मागच्या आरशात सगळा गजबजाट. शिनला नाटक, सर्कस, पायदिवे यांचे वेड होते.

आठ जण आणि एक प्रदर्शन

१९०७च्या वसंतात नॅशनल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळावर हेन्राय होता. लक्स, स्लोन, ग्लॅकन्स आदी मित्रांची चित्रे सहकाऱ्यांनी धडाधड नाकारली. हेन्रायने चिडून स्वतःचीही दोन चित्रे मागे घेतली आणि प्रकरण वर्तमानपत्रांत नेले. आधीची सगळी नोकरी तिथेच झालेली. बातमी कशी पेरायची हे या मंडळींना चांगलेच ठाऊक होते.

फेब्रुवारी १९०८मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मॅकबेथ दालनात आठ चित्रकारांनी स्वतःचे प्रदर्शन भरवले. नाव पडले ‘द एट’. इथे नेहमी एक घोटाळा होतो. ‘द एट’ आणि ‘अ‍ॅशकॅन’ या एकच गोष्टी नव्हेत. आठांत हेन्राय आणि त्याचे चार वर्तमानपत्री मित्र होतेच, पण उरलेले तिघे वेगळ्याच वाटेचे. आर्थर डेव्हिस स्वप्नातले घोडे आणि परीसारख्या स्त्रिया रंगवी, मॉरिस प्रेंडरगास्टची बागेतली गर्दी रंगीत तुकड्यांच्या जडावासारखी, अर्नेस्ट लॉसन नदीकाठच्या बर्फाचा चित्रकार. त्यांना बांधणारा धागा एकच होता, अकादमीवरचा राग. आणि अ‍ॅशकॅन म्हटल्यावर हटकून आठवणारा बेलोज या आठांत नव्हताच.

लोकांनी तोबा गर्दी केली. काही समीक्षकांनी ‘कुरूपतेचे प्रेषित’ म्हणून हिणवले. सात चित्रे विकली गेली, सुमारे चार हजार डॉलरांना. त्यांतली चार घेतली गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या धनाढ्य शिल्पकार बाईने. पुढे तिनेच अमेरिकी कलेसाठी व्हिटनी संग्रहालय उभारले. १९१०मध्ये हेन्राय-स्लोन कंपूने त्याहून मोठे प्रदर्शन भरवले. परीक्षक नाही, बक्षीस नाही, शुल्क भरा आणि चित्र लावा. पहिल्या संध्याकाळी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले.

आता नावाकडे. घरोघरी कोळशाच्या शेगड्या असत आणि त्यांची राख डब्यांत भरून फुटपाथवर ठेवली जाई. स्लोन ‘द मासेस’ या समाजवादी मासिकाचा बिनपगारी कलासंपादक होता. १९१६मध्ये तिथे भांडण पेटले. स्लोन आणि त्याच्या बाजूच्या चित्रकारांचे म्हणणे, आमच्या चित्रांखाली संपादकांनी आपले राजकीय मथळे चिकटवू नयेत. समोरच्या गटातला व्यंगचित्रकार आर्ट यंग भडकला: यांना धोरण नको, यांना नुसते राखेचे डबे आणि हॉरेशिओ स्ट्रीटवर घागरे सावरणाऱ्या पोरी काढायच्यात. स्लोन राजीनामा देऊन बाहेर पडला. टोमणा मागे राहिला, आणि १९३०च्या दशकात कला-इतिहासाच्या लेखनात शिरून अधिकृत नाव झाला.

म्हणजे हा शेलका शब्द उजव्या सोवळ्या अकादमीकडून आलेला नाही. तो डावीकडून आला, आणि त्यातली तक्रार अशी की ही चित्रे पुरेशी राजकीय नाहीत. स्लोन १९१०मध्ये समाजवादी पक्षात गेला, निवडणुकीलाही उभा राहिला. १९११मध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, मेल्या तेव्हा त्याने जळजळीत व्यंगचित्र काढले. पण तैलरंगांत त्याने प्रचार येऊ दिला नाही. रेखाटनात तो नागरिक होता, तैलचित्रात शेजारी. ही फारकत बरोबर होती का, यावर आजही दोन मते आहेत. माझे मत स्लोनच्या बाजूने पडते: ‘थ्री ए. एम.’खाली घोषणा लिहिली असती तर ते चित्र त्या दिवशीच संपले असते.

पाच वर्षांत जुने

फेब्रुवारी १९१३मध्ये लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या लष्करी शस्त्रागाराच्या इमारतीत प्रचंड प्रदर्शन भरले, सुमारे तेराशे कलाकृतींचे. ‘आर्मरी शो’ म्हणून ते ओळखले जाते. भरवणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष होता आठांपैकीच डेव्हिस, आणि अमेरिकी विभागाची जबाबदारी ग्लॅकन्सकडे. तिथे अमेरिकेने पिकासो, मातिस आणि मार्सेल दुशाँचे जिना उतरणारे नग्न यंत्रवत शरीर पाहिले. सगळी चर्चा, सगळा संताप, सगळी टिंगल तिकडे गेली. पाच वर्षांपूर्वीचे बंडखोर एका महिन्यात जुनाट ठरले.

असे का झाले? त्यांनी चित्रातला विषय बदलला होता, चित्र रचण्याची रीत तशीच ठेवली होती. खोली, प्रकाश, सावली, माणसाचा ओळखू येणारा आकार, सगळे वेलाझ्केझच्या घराण्यातले. युरोपातले लोक तर चित्र म्हणजे काय हाच प्रश्न विचारत होते. त्यापुढे ‘गुत्ता चित्रात यावा की न यावा’ हा वाद लहान दिसू लागला. स्लोनने नंतर रंगांच्या प्रयोगांत डोके घातले, ग्लॅकन्स रेनुआर या फ्रेंच चित्रकाराच्या शैलीमागे गेला, शिन श्रीमंतांची घरे सजवू लागला. राखेचा रंग प्रत्येकाच्या पॅलेटवरून हळूहळू पुसला गेला.

आजचे अभ्यासक आणखी काही प्रश्न विचारतात, आणि ते विचारायलाच हवेत. बघणारे सगळे मध्यमवर्गीय गोरे पुरुष होते. ज्यांना पाहिले जात होते त्यांतल्या बऱ्याच बायका, त्याही नकळत, आपल्याच घरात. रात्रीच्या खिडक्यांत डोकावणाऱ्या स्लोनला आज कुणी टोकले तर त्याची बाजू घेणे सोपे नाही. गरिबीतला आनंद दिसतो, कारखान्यातला घाम फारसा दिसत नाही. काळे न्यूयॉर्ककर क्वचितच. आणि बायका चित्रकार? होत्या. थेरेसा बर्नस्टाइनने १९१७मध्ये नोकरी मिळवून देणाऱ्या कचेरीत ताटकळलेल्या बायका रंगवल्या, त्यांत टक लावून पाहणारा पुरुष कुठेच नाही. ती १९९०च्या दशकातही हयात होती, २००२मध्ये वारली तेव्हा वयाची शंभरी कधीच ओलांडली होती. पण अ‍ॅशकॅनच्या याद्यांत तिचे नाव फार उशिरा आले.

हेन्रायचा सर्वांत नावाजलेला शिष्य मात्र आपल्याला अ‍ॅशकॅन म्हटलेले खपवून घेत नसे. एडवर्ड हॉपर. शहर तेच, खिडक्या त्याच, पण गुरुबंधूंची गर्दी त्याने बाहेर काढली आणि एकटे माणूस आत बसवले.

बाजाराने यांची दखल उशिरा घेतली. बेलोजचे ‘मेन ऑफ द डॉक्स’ (१९१२), थंडीत कामाची वाट पाहणाऱ्या गोदी कामगारांचे चित्र, १९२०पासून व्हर्जिनियातल्या एका कॉलेजकडे होते. २०१४मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते अडीच कोटींहून जास्त डॉलरांना घेतले. त्या गॅलरीने विकत घेतलेले हे पहिले महत्त्वाचे अमेरिकी चित्र. कॉलेजने आपला ठेवा विकला म्हणून अमेरिकी संग्रहालयांच्या जगात बरीच आरडाओरड झाली.

चित्रे पाहायला प्रवास करण्याची गरज नाही. क्लीव्हलंडचे कलासंग्रहालय आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांनी स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रती संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत. सुरुवात ‘स्टॅग अ‍ॅट शार्कीज’पासून करा, ते क्लीव्हलंडकडे आहे. आधी पूर्ण चित्र लांबून पाहा, मग मोबाइलवर दोन बोटांनी मोठे करत खालच्या प्रेक्षकांकडे या. एकेक चेहरा तीन-चार फटकाऱ्यांत उरकला आहे, तरी कुणाने पैसे लावलेत आणि कोण नुसता बघायला आलाय, याचा अंदाज बांधता येतो.